मुलांच्या गटाला दुर्गम धबधब्यापर्यंत पायी कसे न्यावे

सहल ठरली की आयोजकांपैकी एकाने तरी आठवडाभर आधी ती वाट स्वतः चालून पाहावी. वाट कुठे फुटते, ओढा कुठे ओलांडावा लागतो, मोबाइलला शेवटची रेंज कुठे मिळते आणि दुखापत झालेल्या मुलाला उचलून कोणत्या बाजूने खाली आणता येईल, याची नोंद त्याच वेळी करावी.

त्यानंतर वेळेचा हिशेब मांडावा, आणि तो परतीपासून उलटा मांडावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या ढोबळ नियमानुसार ताशी सुमारे ५ किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाईसाठी एक जादा तास धरला जातो. म्हणजे ४ किलोमीटर अंतर आणि ३०० मीटर चढ असेल, तर सुमारे ७८ मिनिटे लागतील. हा वेग मात्र न थांबता चालणाऱ्या सुदृढ प्रौढांचा आहे. मुले रमतगमत चालतात, म्हणून दुप्पट वेळ धरणेच शहाणपणाचे. माघारी वळण्याची वेळ निघण्यापूर्वीच सर्वांना सांगावी आणि ती झाली की, धबधबा समोर दिसत असला तरी, वळावे.

निघताना मुलांच्या जोड्या लावाव्यात. वाट माहीत असलेली व्यक्ती सर्वांत पुढे आणि दुसरी जबाबदार व्यक्ती सर्वांत मागे असावी. चालीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्या मुलाने ठरवावा. प्रत्येक थांब्यावर आणि प्रत्येक फाट्यावर मोजणी करावी. कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे, हे पालकांकडून लेखी घ्यावे आणि त्या मुलाचे औषध सोबतच्या मोठ्या व्यक्तीने आपल्याजवळ ठेवावे.

खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात असते. धबधब्याच्या गडगडाटात हाक ऐकू जात नाही, शिट्टीही कधी कधी विरून जाते. म्हणून ‘थांबा’, ‘मागे फिरा’ आणि ‘माझ्याकडे या’ या तीन हातखुणा मुलांकडून आधीच घोटून घ्याव्यात. मुलांनी कुठवर जायचे, ती सीमा ठळक खडक किंवा झाड दाखवून ठरवावी आणि तिथे एक मोठी व्यक्ती पाण्याकडे पाठ करून, मुलांकडे तोंड करून उभी करावी. कड्याखालच्या डोहात कोणालाही उतरू देऊ नये. तिथे फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने शरीर नेहमीसारखे तरंगत नाही, कोसळणारा प्रवाह माणसाला पुन्हा पुन्हा खाली ओढतो आणि वरून दगडही येऊ शकतात. धबधब्याच्या माथ्यावर तर जाऊच नये. शेवाळलेल्या खडकावर बुटाची पकड क्षणात सुटते.

डोक्यावर निरभ्र आकाश असले, तरी वरच्या पाणलोटात पाऊस पडून ओढ्याला अचानक लोंढा येऊ शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काटक्या आणि पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज वाढला, तर सामानाची आवराआवर न करता मुलांना लगेच उंच जागी न्यावे. वाटेतला ओढा चढलेला असेल, तर तो ओलांडण्याचे धाडस न करता पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. त्यासाठी प्रत्येकाच्या पिशवीत उबदार कपडा आणि थोडा जादा खाऊ असावा.