मेंटॉर मिळत नव्हते, तेव्हा काय केलं

आमच्या माता-बाल आरोग्य विभागात वेगवेगळ्या समाजांतून आलेले तरुण प्राध्यापक बरेच, पण त्यांना हात देणारे ज्येष्ठ तज्ज्ञ मोजकेच. जुनं पत्र ठरलेलं: ‘आपण मेंटॉर म्हणून जोडले जाल का?’ बहुतेकांचं उत्तरच यायचं नाही. येणार तरी कसं? किती वेळ द्यायचा, कशासाठी, काहीच लिहिलेलं नसायचं.

काम माझ्याकडे आल्यावर मी आधी प्राध्यापकांकडून त्यांची नेमकी अडचण लिहून घेतली. मग पत्र असं गेलं: ‘अनुदानाच्या प्रस्तावातलं उद्दिष्टांचं एक पान सोबत आहे. वाचून तासभर बोलाल? जमलं तर पुढे वर्षभर, महिन्यातून एकदा. मानधन मिळेल.’ होकार येऊ लागले. निवृत्त मंडळी तर फारच उत्साही निघाली.

जोड्या लावताना ‘माता-बाल आरोग्य’ एवढ्यावर भागत नाही. नवजात म्हणजे पहिले २८ दिवस. मातामृत्यूची नोंद गरोदरपणात आणि ते संपल्यावर ४२ दिवसांपर्यंत. दोन्हीकडची माहिती, पद्धती वेगळ्या, तज्ज्ञही वेगळे.

आणखी एक. अल्पसंख्य समाजातल्या प्राध्यापकाला त्याच समाजातला ज्येष्ठ शोधायचा, हा हट्ट सोडला. असे ज्येष्ठ दोन-चारच, सगळा भार त्यांच्यावरच पडतो. आता विषयाचा मेंटॉर एक, आणि संस्थेतल्या वाटा-आडवाटा (त्या बऱ्याच असतात!) सांगणारा दुसरा. बढतीच्या समितीवरचं माणूस मात्र दोन्हीकडे नको. त्याच्यासमोर कोण मोकळं बोलणार?