ध्यानाला बसलं की चुळबुळ सुरू होते? आधी या चुका टाळा

ध्यान सोडून दिलेल्या कुणालाही विचारा, दहातले आठ जण एकच सांगतील, "मला नाही बाबा जमत, मला एका जागी बसवतच नाही." आणि हे म्हणताना सूर असा की आपल्यातच काहीतरी कमी आहे, बाकीचे सगळे डोळे मिटले की शांत होतात आणि आपणच तेवढे चुळबुळे. पहिली चूक इथेच होते. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या जर्नलमध्ये काही प्रयोग छापले होते, त्यातला एक असा की माणसांना एका खोलीत १५ मिनिटं नुसतं बसवलं, फोन नाही पुस्तक नाही काही नाही, फक्त एक बटण, दाबलं की विजेचा हलका झटका बसणार. हा झटका त्यांनी आधी एकदा घेऊन बघितलेला आणि तो टाळायला पैसे देऊ असंही सांगितलेलं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या १५ मिनिटांत किमान एकदा बटण दाबलंच! यात कुणी ध्यान करत नव्हतं बरं का, नुसतं बसायचं होतं. तेव्हा रिकामं बसणं माणसाला जड जातं हे गृहीतच धरा, त्यावरून स्वतःला नापास करू नका.

पण म्हणून सगळ्यांना एकच उपाय चालतो असंही नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. चुळबुळ दिसायला सारखी असली तरी तिची कारणं वेगळी असतात. कधी बैठकच चुकलेली असते, कधी अंग अजून दिवसभराच्या धावपळीतून बाहेर आलेलं नसतं, कधी डोक्यात एखादी काळजी अडकलेली असते आणि कधी चक्क मेडिकल कारण असतं. या सगळ्यांवर लोक एकच औषध वापरतात, दात-ओठ खाऊन बसून राहायचं. बैठक चुकली असेल तर कितीही दात-ओठ खा, दहा मिनिटांनी पाठ बोंबलणारच.

मांडीचा हट्ट

बैठकीबद्दल जरा सविस्तरच सांगतो कारण निम्मी तक्रार इथेच मिटते. फोटोत सगळे पद्मासनात दिसतात म्हणून आपणही सपाट जमिनीवर मांडी ठोकतो. ज्यांचे खुबे घट्ट आहेत, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणारे जवळजवळ सगळेच, त्यांचे गुडघे अशा वेळी कमरेच्या वर राहतात. गुडघे वर राहिले की कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो, आणि मग ताठ राहायला पाठीचे स्नायू सतत ओढून धरावे लागतात. ते दमले की शरीर हलायला सांगणारच, त्यात मनाचा काही दोष नाही.

उपाय सोपा आहे, बुडाखाली उंची घ्या. घट्ट उशी किंवा घडी घातलेलं ब्लँकेट, साधारण १० ते १५ सेंटीमीटर, आणि उशीच्या पुढच्या कडेवर बसा, मधोमध नको. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत आणि जमिनीला टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर त्यांच्याखालीही काहीतरी सरकवा. मऊ मऊ सोफ्याची उशी घेऊ नका, ती पाच मिनिटांत दबते. हे सगळं करूनही जमत नसेल तर सरळ खुर्ची घ्या, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवून. खुर्चीवर बसलं की ध्यान खोटं होत नाही! योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसनाची व्याख्या करताना स्थिर आणि सुखाचं एवढंच सांगितलंय, मांडी घालायलाच पाहिजे असं कुठे म्हटलेलं नाही.

पायाला मुंग्या येतात त्याचं काय? रक्त थांबलं आता पाय कामातून जाणार अशी भीती बऱ्याच जणांना वाटते आणि त्या भीतीनेच चुळबुळ दुप्पट होते. मुंग्या मुख्यतः नसेवर दाब आल्यामुळे येतात, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जी नस अगदी कातडीजवळून जाते ती दबली की पावलापर्यंत बधिर होतं. दाब गेला की थोड्या वेळात ओसरतं. मात्र बधिर पायावर एकदम उठून उभं राहू नका, पाय मुरगळून पडायला होतं. रोज रोज बधिर होत असेल, किंवा उठल्यावर बराच वेळ जात नसेल, तर सहन करायची गरज नाही, बैठक बदला. आणि गुडघ्यात कळ आली तर तिथल्या तिथे पाय मोकळा करा. स्नायूचं दुखणं जरा बघत बसता येतं, सांध्यातली कळ बघत बसायची नसते.

पहिल्या दिवसापासून "अजिबात हलायचं नाही"

हा नियम लोक कुठून तरी ऐकून घरी आणतात. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तासभर न हलता बसायचा निश्चय करायला सांगतात हे खरंय, पण ते आधीचे तीन दिवस फक्त श्वासावर काम करून झाल्यावर, आणि तिथे दुसरं काही करायचंच नसतं. तो नियम उचलून घरच्या पहिल्या आठवड्याला लावला की बसणं म्हणजे शिक्षा वाटायला लागते, आणि माणूस शिक्षेपासून पळतोच.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे खाज आली की हात गेलाच, हे इतकं आपोआप होतं की हलल्याचं कळतही नाही. मला या दोघांच्या मधला रस्ता बरा वाटतो. हलावंसं वाटलं की आधी नुसतं लक्षात येऊ द्या की हलावंसं वाटतंय. मग तीन श्वास थांबा. त्या वेळात ती इच्छा अंगात नेमकी कुठे जाणवते ते बघा, मांडीत, छातीत, जबड्यात? बऱ्याचदा ती चढते आणि आपली आपण उतरते, खाजेचं तर हमखास असं होतं. नाही उतरली तर सावकाश, कळून सवरून हला आणि परत बसा. असं मुद्दाम केलेलं हलणं ध्यानाच्या बाहेरचं नाही.

पळत येऊन बसणं

मीटिंग संपली, लॅपटॉप बंद केला, दहा मिनिटं मिळाली म्हणून धपकन बसलो आणि डोळे मिटले. वरून तासाभरापूर्वी घेतलेली कॉफी. कॅफीन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, कुणाला कमी कुणाला जास्त, तेव्हा संध्याकाळी बसणाऱ्यांनी दुपारच्या चहा-कॉफीचा हिशोब एकदा लावून बघावा. अष्टांगयोगाच्या आठ पायऱ्यांत आसन तिसरं, प्राणायाम चौथा आणि ध्यान थेट सातवं आहे. आपण उडी मारतो ती सरळ सातव्यावर. तेव्हा बसण्याआधी पाच-दहा मिनिटं अंग हलवा, चाला, खांदे-मान-खुबे मोकळे करा, जी हालचाल नंतर होणारच आहे ती आधीच होऊन जाऊ दे.

श्वास ओढत बसणं

अस्वस्थ वाटलं की "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला सगळे देतात. मग माणूस छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि बोटांना ओठांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धडधड... म्हणजे बेचैनी घालवायला गेलो आणि वाढवून बसलो. श्वास मोठा करू नका, फक्त सोडणं लांबवा. घेताना नॉर्मल, सोडताना जरा सावकाश. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, तो फायदा आयता मिळतो. असे आठ-दहा श्वास झाले की मग श्वासाला त्याच्या चालीने जाऊ द्या.

डोक्यात काय शिजतंय ते न बघणं

बौद्ध परंपरेत ध्यानातले पाच अडथळे सांगितलेत त्यातला एक म्हणजे हीच बेचैनी, आणि गंमत म्हणजे ती एकटी नाही, तिच्यासोबत रुखरुख जोडलेली आहे, केलेल्या किंवा राहून गेलेल्या गोष्टीची टोचणी. दोन्ही मिळून एकच अडथळा. हे अनुभवाशी अगदी जुळतं, ज्या दिवशी कुणाशी तरी वाकडं बोलून झालेलं असतं किंवा एखादं काम टाळलेलं असतं त्या दिवशी पायसुद्धा स्वस्थ राहत नाहीत. योगसूत्रांतही विक्षेपाबरोबर, म्हणजे मन भरकटण्याबरोबर, येणाऱ्या चार गोष्टींत अंगाची थरथर-हालचाल आणि श्वासाची गडबड दोन्ही मोजलेली आहेत, म्हणजे मन बिथरलं की अंग हलतं हे फार जुनं निरीक्षण आहे.

यावर दोन गोष्टी करता येतात. बसण्याआधी कागदावर सगळी राहिलेली कामं खरडून टाका, सुंदर लिस्ट नको, नुसतं खरडा. मग मधेच "अरे तो फोन करायचा राहिला" असं आलं तर ते कागदावर आहे एवढं मनाला सांगता येतं. दुसरं म्हणजे आलेल्या गोष्टीला एका शब्दाचं नाव द्या, "काळजी", "प्लॅनिंग", "राग", बस. त्यावर चर्चा नको, ती चर्चा सुरू झाली की वीस मिनिटं कशी गेली कळत नाही.

आणखी एक, याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मन उधळलेलं असताना लोक लक्ष अजून बारीक करायला जातात, नाकाच्या टोकावरचा एवढासा बिंदू पकडायचा प्रयत्न करतात. उधळलेल्या मनाला अरुंद जागा जास्त टोचते. उलट करून बघा, लक्ष मोठं करा, जमिनीला टेकलेलं सगळं अंग, खोलीतले सगळे आवाज, जवळचे लांबचे. झोप येत असेल तेव्हा बारीक लक्ष कामाचं, बेचैनी असेल तेव्हा पसरट. मला तरी हा फरक बाकी सगळ्या टिप्सपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

वेळेचा घोळ

अॅपने वीस मिनिटं म्हटलं म्हणून वीस मिनिटं. अहो पाच लावा ना! पाच मिनिटं जमली की सात. पण एक पथ्य पाळा, बेचैनी अगदी शिगेला पोचलेली असताना ताडकन उठू नका, कारण उठल्या उठल्या जी सुटका वाटते तिनेच शरीर शिकतं की जोरात चुळबुळ केली की सुटका मिळते, आणि पुढच्या वेळी चुळबुळ लवकर सुरू होते. थोडी ओसरू द्या, भले एक-दोन मिनिटं जास्त लागू देत, आणि मग उठा. फोन एअरप्लेन मोडवर, हाताला येणार नाही इतका लांब. आणि "शांत झालो का, अजून नाही का झालो" हे दर मिनिटाला तपासणं ही पण एक चुळबुळच आहे, फक्त आतल्या आत चाललेली.

बसलं तरच ध्यान?

नाही. थेरवाद या बौद्ध परंपरेत चंक्रमण म्हणजे चालत करायचं ध्यान आहे, झेन या दुसऱ्या बौद्ध परंपरेत दोन बैठकांच्या मधे किनहिन नावाचं संथ चालणं असतं, म्हणजे ही काही कच्च्या लोकांसाठी काढलेली पळवाट नाही. दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा पुरते. टाच टेकली, पाऊल टेकलं, वजन सरकलं, दुसरा पाय उचलला, एवढ्यावर लक्ष. टोकाला गेलं की थांबा, उभ्या उभ्या एक श्वास, वळा, परत. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं मुळातच अवघड जाण्याची अवस्था, असलेल्यांनी तर इथूनच सुरुवात करावी आणि बसणं नंतर जोडावं असं माझं मत आहे.

आणि कधीकधी हा प्रश्न ध्यानाचा नसतोच

काही जणांना शांत व्हायला लागलं की उलट भीती वाढते, छाती दडपते. अशा वेळी डोळे उघडे ठेवा, समोर कुठेतरी नजर टेकवा, वेळ कमी करा. जुना आघात असेल आणि बसलं की तेच वर येत असेल तर एकट्याने रेटू नका, मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

पाय हलवल्याशिवाय राहवतच नाही, संध्याकाळी रात्री जास्त, चाललं की बरं वाटतं, असं असेल तर ते रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम असू शकतं, आणि त्यात शरीरातलं लोह कमी आहे का हे रक्त तपासून बघतात. उलटी थांबवायची मेटोक्लोप्रामाइडसारखी औषधं आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही एका जागी बसवत नाही अशी अवस्था येते, तिला अकथिसिया म्हणतात. औषध नवीन सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर हे चालू झालं असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा आणि कधीपासून होतंय, रात्री वाढतं का, चालल्यावर कमी होतं का, एवढं नीट सांगा.