डॅशबोर्डची फट भरण्याआधी या चुका टाळा

नागपुरात डॅशबोर्ड फुटणं काही नवीन नाही. 23 मे 2013 ला इथं पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि वेधशाळेचा आकडा सावलीतला असतो. वाडीच्या गोदामांसमोर काचा बंद करून दिवसभर उभ्या असलेल्या गाडीचा डॅश त्याहून कितीतरी जास्त तापतो. मऊ डॅशवरची पीव्हीसीची कातडी लवचीक राहते ती तिच्यात मुरवलेल्या प्लास्टिसायझरमुळे. तो उन्हानं हळूहळू उडून जातो. समोरच्या काचेला आतून जो चिकट, धुरकट थर बसतो, त्यात तोही असतो. मग कातडी आकसते आणि कमजोर जागी, म्हणजे काचेखालच्या जाळीच्या कोपऱ्यात नाहीतर स्पीकरच्या कडेला, तडकते.

इथपर्यंत दोष उन्हाचा. पुढची वाट आपण लावतो.

डॅश कोणता आहे हेच न बघणं

अंगठ्यानं दाबून बघा. दबला तर वर कातडी, मध्ये फोम आणि खाली प्लास्टिक आहे. टणक लागला तर सगळं एकच कडक प्लास्टिक. बहुतेक ट्रक कडक, महागड्या एसयूव्ही मऊ. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, तरी लोक एकच ट्यूब घेऊन दोन्हीकडे धावतात.

कडक डॅशला तडा मागून सांधायचा असतो. पॅनल काढा, तड्याच्या टोकाला 3 मिलिमीटरचं छोटं भोक पाडा म्हणजे तडा पुढे पळत नाही, आणि मागून जाळी लावून प्लास्टिकचं इपॉक्सी भरा. पॅनलच्या मागं प्लास्टिकची जात इंग्रजीत कोरलेली असते, एबीएस किंवा पीपी अशी, ती वाचा. पीपीला साधा कुठलाच गोंद नीट धरत नाही. तिथं प्लास्टिक वेल्डिंगवाला गाठायचा आणि गप्प बसायचं.

फेविक्विक

दर उन्हाळ्यात हेच. फट दिसली की पाच-दहा रुपयांची ट्यूब आणून ओतायची, वर खायचा सोडा टाकायचा, कारण मोबाइलवर कोणीतरी तसं करून दाखवलेलं असतं. गोंदाचा दोष नाही, तो त्याच्या कामाला उत्तमच आहे. पण वाळल्यावर तो काचेसारखा कडक होतो. डॅश दुपारी प्रसरण पावतो, रात्री आकसतो. गोंद हलत नाही, म्हणून त्याच्या शेजारची कातडी फाटते आणि एका फटीच्या दोन होतात. वर त्याची वाफ बसून काळ्या डॅशवर पांढरट डाग पडतो तो वेगळाच. एमसीलचीही तीच गत. असं भरलेलं काम माझ्याकडे आलं की आधी ते सगळं कोरून काढावं लागतं, आणि त्याचे पैसे मी वेगळे घेतो.

मऊ डॅशला लवचीक फिलरच, म्हणजे फट भरायचा लेप, हवा, बंपरसाठी मिळतो तसला. त्याआधी फटीच्या वर उचललेल्या कडा ब्लेडनं तिरप्या कापून टाका. त्या दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, बसत नाहीत. फिलर पातळ थरांत भरा. एकाच दमात भरलेला जाड थर आतून कच्चा राहतो.

पॉलिश, पॉलिश आणि पॉलिश

माझा खरा राग इथं आहे. डॅश चमकवायचं जे स्वस्त पॉलिश मिळतं, त्यात बहुतेक वेळा सिलिकॉन असतं. ते कातडीवरच्या बारीक दाणेदार नक्षीत बसतं आणि साध्या पुसण्यानं निघत नाही. त्यावर भरलेला फिलर पट्टीसारखा सोलून येतो. रंग मारला तर जागोजागी मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसतात.

हिंगणा रोडचा एक गिऱ्हाईक एसयूव्ही घेऊन आला होता. डॅश आरशासारखा चमकत होता आणि मधोमध वीतभर फट. दुसरीकडे भरून घेतलेली, ती महिन्याभरात निघालेली. म्हणे, "भाऊ, संध्याकाळपर्यंत करून द्या ना, उद्या सकाळी शेगावला निघाचं हाय." मी सांगितलं, आज फक्त धुणं होईल. त्याचं तोंड उतरलं, पण गाडी आणि ड्रायव्हर ठेवून गेला.

साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशनं दोनदा घासलं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन फडकी घेऊन: एकानं लावायचं, वाळायच्या आत दुसऱ्यानं उचलायचं. एकच फडकं फिरवत बसलात तर सिलिकॉन इकडचं तिकडं होतं, बाकी काही नाही. शेवटी पाण्याचा हलका फवारा. पाणी पसरलं तर साफ, मोती होऊन बसलं तर अजून घासा. आमचं पाणी छान पसरलं. फिलरचा पहिला थर भरला, सँडपेपर मारला आणि मी तर्री पोहा खायला गेलो.

परत आलो तर डॅश पुन्हा आरसा. ड्रायव्हर हातात बाटली घेऊन खुशीत उभा: "धूळ लय झाली होती, म्हटलं तुमचं काम हलकं करून द्यावं."

फिलरसकट सगळं परत काढलं. शेगावला ते दुसऱ्या गाडीनं गेले. तेव्हापासून गाडी आली की पॉलिशची बाटली मी आधी ताब्यात घेतो.

एअरबॅगच्या झाकणाला हात लावणं

इथं माझ्याकडे सवलत नाही. 1 जुलै 2019 पासून नव्या प्रवासी कारना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि 1 एप्रिल 2021 पासून नव्या मॉडेलना शेजारच्या सीटचीही. ती शेजारची डॅशमध्येच असते. तिच्या झाकणाला आतून कमजोर रेघ मारलेली असते, तिथूनच ते फाटायचं असतं. त्यावर फिलर भरला किंवा रेक्झिन ताणून चिकटवलं, तर पिशवी अडेल नाहीतर कडक तुकडे घेऊन तोंडावर येईल. झाकण तडकलं असेल तर ते काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. डॅश उतरवायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबा, मगच पाना लावा.

बाकीच्या

भर दुपारी काम करू नका. तापलेल्या डॅशची फट मिटलेली असते. तेव्हा भरलेला फिलर डिसेंबरच्या थंडीत ताणून सुटतो. सकाळी, सावलीत करा.

हीट गन एका जागी धरलीत की दाणे विरघळून चकचकीत चट्टा पडतो.

थिनर आणि पेट्रोल डॅशपासून लांब.

देवाची मूर्ती डबल टेपवरून ओढून काढू नका, कातडीही सोबत येते. टेपखालून मासेमारीचा दोरा करवतीसारखा फिरवा.

स्क्रू मारून फट आवळणाऱ्यांनी खाली वायरिंग आहे हे लक्षात ठेवावं.

रंग मॅटच घ्या, आणि आधी प्लास्टिकचा प्रायमर. चमकदार डॅशचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं, आणि वर्धा रोडला उन्हात समोरचं काही दिसत नाही.

दाणे जुळवायचे असतील तर ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरून मोल्डिंगच्या सिलिकॉननं साचा घ्या आणि ओल्या फिलरवर दाबा. हे एवढं एक सिलिकॉन मला चालतं. तेही नंतर अल्कोहोलनं पुसूनच रंग.

आणि बोटानं दाबल्यावर कातडी पापडासारखी कुरकुरत असेल तर फिलर विकतच घेऊ नका. एक फट भराल, हातभर पलीकडे दुसरी उघडेल. एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीचा डॅश उतरवून चांगल्या रेक्झिनवाल्याकडे द्या. भंगारातला डॅश आणायचा तर आधी त्याचीही कातडी दाबून बघा, तोही कुठल्यातरी उन्हातच उभा होता.