मेल येतो, पण जात नाही: आउटगोइंग सर्व्हरचं लॉगिन कुठे अडतं?

नवे मेल वेळेवर येताहेत, पण 'सेंड' दाबलं की पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उघडते. अशा वेळी बहुतेक जण आधी खात्याचा पासवर्डच बदलून टाकतात. मग येणारा मेलही थांबतो, फोनवर आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड भरत बसावं लागतं, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मेल आणणं आणि मेल पाठवणं ही मेल प्रोग्रामच्या (आउटलुक, थंडरबर्ड वगैरेंच्या) दृष्टीने दोन स्वतंत्र कामं आहेत. आणण्यासाठी आयमॅप किंवा पॉप, पाठवण्यासाठी एसएमटीपी. दोन्हींचं सर्व्हरचं नाव वेगळं असू शकतं, पोर्ट (सर्व्हरवरच्या दाराचा क्रमांक) वेगळं असतंच, आणि पासवर्डही बऱ्याच प्रोग्राममध्ये दोन ठिकाणी साठवलेला असतो. त्यामुळे एक बाजू चालते म्हणून दुसरी बरोबर असेलच असं नाही.

सुरुवात ब्राउझरपासून करा. तिथे त्याच खात्यात लॉगिन करून स्वतःलाच एक मेल पाठवा. तो गेला तर खातं जिवंत आहे आणि दोष प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये किंवा वाटेत आहे. तिथेही अडलं, किंवा 'संशयास्पद हालचाल' असा इशारा दिसला, तर आधी तो मिटवा. तोवर प्रोग्राममध्ये हात घालण्यात अर्थ नाही.

आधी आकडा वाचा

एरर आली की 'ओके' दाबून ती घालवू नका. तिच्यात बहुधा तीन अंकी आकडा असतो, आणि पुढे कधी कधी ५.७.८ असा ठिपक्यांचा दुसरा. निम्मं निदान तिथेच होतं.

५३५ म्हणजे सर्व्हरने तुमचं नाव आणि पासवर्ड घेतला, तपासला आणि नाकारला. दोहोंपैकी काय चुकलं हे सर्व्हर मुद्दाम सांगत नाही, कारण तसं सांगितलं तर कुठली खाती खरी आहेत हे चोराला कळेल. म्हणून ५३५ दिसल्यावर फक्त पासवर्डकडे पाहू नका, युजरनेमही तपासा. काही सर्व्हरना पूर्ण ईमेल पत्ता लागतो, काहींना फक्त ॲटच्या आधीचा भाग. आयक्लाउडचं उदाहरण घ्या: तिथे येणाऱ्या मेलसाठी सहसा नुसतं नाव चालतं, पाठवण्यासाठी मात्र पूर्ण पत्ता लागतो.

५३४, विशेषतः ५.७.९ सोबत, म्हणजे नेहमीचा पासवर्ड चालणार नाही, ॲप पासवर्ड हवा, म्हणजे अशा प्रोग्रामसाठी खात्यात वेगळा तयार केलेला पासवर्ड. जीमेल हे उत्तर देतं. ४५४ हा तात्पुरता बिघाड असतो: सर्व्हरची पासवर्ड तपासणारी यंत्रणाच त्या क्षणी बंद असते. काही बदलू नका, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा.

फसवे आकडे दोन. ५३० म्हणजे 'आधी लॉगिन करा' किंवा 'आधी जोडणी सुरक्षित करा'. ५५० सोबत 'रिलेइंग डिनाइड' असे शब्द आले तर वाचणाऱ्याला वाटतं की समोरच्याचा पत्ता चुकला. प्रत्यक्षात तुमच्या प्रोग्रामने लॉगिनचा प्रयत्नच केलेला नसतो, आणि अनोळखी माणसाचा मेल बाहेर पोचवायला सर्व्हर नकार देतो. याची एक पक्की खूण आहे: त्याच डोमेनवरच्या पत्त्यांना मेल जातो, बाहेरच्यांना जात नाही. हे दिसलं की पासवर्ड सोडा, 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' ही खूण सुरू आहे का ते पाहा. क्लासिक आउटलुकमध्ये ती 'मोअर सेटिंग्ज'च्या 'आउटगोइंग सर्व्हर' टॅबमध्ये असते. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये दुसरं खातं जोडताना 'साइन-इन आवश्यक' असा पर्याय येतो. आयफोनमध्ये तर आउटगोइंग सर्व्हरच्या युजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यात 'ऑप्शनल' लिहिलेलं असतं, आणि लोक विश्वासाने ते रिकामे सोडतात. ते भरायचेच असतात.

आकडाच नाही, नुसतं 'टाइम आउट' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर गाडी लॉगिनपर्यंत पोचलेलीच नाही. तिथे पासवर्डचा काही संबंध नाही.

पोर्ट आणि सुरक्षेची जोडी

इथे सर्वांत जास्त घोळ होतो. एसएसएल आणि त्याचं नवं रूप टीएलएस ही जोडणी सांकेतिक, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही अशी करण्याची तंत्रं. वापरायच्या जोड्या दोनच:

- पोर्ट ४६५ आणि 'एसएसएल/टीएलएस'
- पोर्ट ५८७ आणि 'स्टार्टटीएलएस'

४६५ वर जोडणी पहिल्या क्षणापासून सांकेतिक असते. ५८७ वर आधी साधं बोलणं सुरू होतं आणि मग दोघे ठरवून सुरक्षित वाटेवर जातात. दोन्ही सारख्याच कामाच्या; तुमच्या सेवेने जी सांगितली असेल ती घ्या. पोर्ट २५ सर्व्हरने सर्व्हरशी बोलण्यासाठी आहे. बरेच इंटरनेट पुरवठादार घरगुती जोडण्यांवर ते बंद ठेवतात, म्हणून जुन्या सेटिंगमध्ये २५ दिसलं तर बदलून टाका.

जोडी उलटी लागली तर काय होतं हे ओळखता यायला हवं. ४६५ सोबत स्टार्टटीएलएस निवडलं, तर प्रोग्राम सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहतो आणि सर्व्हर प्रोग्रामने टीएलएस सुरू करण्याची. दोघेही 'आधी तुम्ही' करत बसतात आणि शेवटी टाइम आउट होतं. ५८७ सोबत एसएसएल/टीएलएस निवडलं, तर मात्र एरर लगेच येते, बहुधा 'राँग व्हर्जन नंबर' सारखी. म्हणजे बराच वेळ लटकून मग एरर आली तर पहिला घोळ किंवा बंद पोर्ट, तडक आली तर दुसरा.

आउटलुकच्या जुन्या आवृत्त्यांत यादीत 'एसएसएल' आणि 'टीएलएस' असे दोन वेगळे पर्याय दिसतात. तिथल्या 'टीएलएस'चा अर्थ स्टार्टटीएलएस, म्हणजे ५८७ सोबतचा. नाव नव्या तंत्राचं आहे म्हणून ते ४६५ ला लावलं की फसलं.

आणि 'नन', म्हणजे सुरक्षा नाही, हा पर्याय 'करून तर पाहू' म्हणूनही लावू नका. जोडणी सुरक्षित झाल्याशिवाय बहुतेक सर्व्हर लॉगिनची सोयच दाखवत नाहीत. मग प्रोग्राम म्हणतो, 'सर्व्हर ही ऑथेंटिकेशन पद्धत वापरत नाही', आणि आपण पद्धती बदलत बसतो. दोष पद्धतीत नसतोच.

ऑथेंटिकेशनची पद्धत

थंडरबर्डच्या 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'नॉर्मल पासवर्ड', 'एन्क्रिप्टेड पासवर्ड', 'ओऑथ २' (प्रोग्रामला पासवर्ड न देता सेवेच्या पानावर लॉगिन करून परवानगी देणं) असे पर्याय असतात. 'एन्क्रिप्टेड' हे नाव ऐकून ते जास्त सुरक्षित वाटतं आणि लोक तेच निवडतात. ती जुनी पद्धत आहे. तिच्यासाठी सर्व्हरला तुमचा पासवर्ड उलगडता येईल अशा रूपात ठेवावा लागतो, म्हणून पुष्कळ सर्व्हर ती देतच नाहीत. जोडणी टीएलएसची असेल तर 'नॉर्मल पासवर्ड' पुरेसा सुरक्षित आहे, कारण तो सांकेतिक नळीतूनच जातो.

मोठ्या सेवांचं गणित मात्र वेगळं झालं आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डने होणारं लॉगिन ३० मे २०२२ पासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी तेच १६ सप्टेंबर २०२४ ला केलं. काल चालणारा पासवर्ड आज अचानक 'चुकीचा' ठरला अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. पासवर्ड बरोबर असतो, दार बदललेलं असतं.

जीमेलसाठी सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५ किंवा ५८७. प्रोग्रामला ओऑथ २ येत असेल तर तेच निवडा. ब्राउझरसारखी खिडकी उघडेल, तिथे गूगलमध्ये लॉगिन करून परवानगी द्यायची. येत नसेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून ॲप पासवर्ड तयार करा. तो १६ अक्षरांचा असतो आणि चार-चारच्या गटांत दिसतो. प्रोग्राममध्ये मधल्या मोकळ्या जागा न ठेवता सलग टाका. एक गोष्ट लक्षात ठेवा: गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधीचे सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. सुरुवातीला सांगितलेली पासवर्ड बदलण्याची घाई इथे सर्वांत महागात पडते.

याहू आणि आयक्लाउडलाही ॲप पासवर्ड लागतो. आयक्लाउडचा सर्व्हर एसएमटीपी डॉट मेल डॉट मी डॉट कॉम, पोर्ट ५८७, स्टार्टटीएलएस. आउटलुक डॉट कॉमला ५८७, स्टार्टटीएलएस आणि ओऑथ २. कंपनीचं मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल आणि ५३५ सोबत ५.७.१३९ दिसत असेल, तर पुढचा मजकूर नीट वाचा. एसएमटीपी लॉगिन बंद असल्याचं त्यात लिहिलं असेल, तर ते कुलूप ॲडमिनकडे आहे. तुमच्या बाजूने कितीही खटपट केली तरी उघडणार नाही.

थंडरबर्डमध्ये ओऑथची खिडकी उघडून रिकामीच राहत असेल किंवा लगेच बंद होत असेल, तर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये कुकीज बंद आहेत का पाहा. त्या लागतात.

साठवलेला जुना पासवर्ड

खात्याचा पासवर्ड बदलल्यावर येणाऱ्या मेलसाठी प्रोग्राम नवा विचारतो, तो आपण भरतो, आणि काम झालं असं वाटतं. जाणाऱ्या मेलच्या नोंदीत मात्र जुनाच पासवर्ड बसलेला असतो. थंडरबर्डमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, 'सेव्ह्ड पासवर्ड्स' असे जा. तिथे एकाच खात्याच्या दोन नोंदी दिसतील, एक आयमॅपने सुरू होणारी आणि एक एसएमटीपीने. फक्त एसएमटीपीची नोंद पुसा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि एक मेल पाठवा. आता विचारेल तेव्हा नवा पासवर्ड टाका. ओऑथ वापरत असाल तर ओऑथने सुरू होणारी नोंद पुसायची. विंडोजवर आउटलुक असेल तर कंट्रोल पॅनलमधलं 'क्रेडेन्शियल मॅनेजर' पाहा.

पासवर्ड टाकताना ठिपके दिसतात, अक्षरं नाहीत, आणि त्यात दोन खोड्या दडतात. कॉपी केलेल्या पासवर्डच्या शेवटी मोकळी जागा चिकटते. किंवा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि अंक देवनागरी उमटतात. शंका असेल तर पासवर्ड आधी साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून पाहा आणि नंतर पुसून टाका. पासवर्डमध्ये इंग्रजी मुळाक्षरांपलीकडची अक्षरं असतील, तर ब्राउझरमध्ये चालतो आणि प्रोग्राममध्ये नाही असंही होतं, कारण ती अक्षरं सगळे प्रोग्राम एकाच पद्धतीने पाठवत नाहीत.

दोन खाती, एकच सर्व्हर

एकापेक्षा जास्त खाती असतील तर प्रत्येक खात्याला कुठला आउटगोइंग सर्व्हर जोडला आहे ते तपासा. नवं खातं कधी कधी पहिल्याच खात्याच्या सर्व्हरला जोडलं जातं. मग लॉगिन एका नावाने होतं, मेलवर पत्ता दुसरा असतो, आणि सर्व्हर ५५३ देऊन म्हणतो की हा पत्ता तुमचा नाही. जीमेल असं नाकारत नाही. तो पत्ता तुमच्या खात्याला जोडलेला नसेल तर पाठवणाऱ्याच्या जागी गुपचूप लॉगिन केलेला पत्ता टाकतो. 'माझा मेल दुसऱ्याच पत्त्यावरून का गेला?' याचं उत्तर बहुधा हेच.

वाटेतले अडथळे

सेटिंग जुळूनही टाइम आउट होत असेल तर नेटवर्क बदलून पाहा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून गेला तर मूळ नेटवर्कचं फायरवॉल पोर्ट अडवतं आहे. ५८७ च्या जागी ४६५ किंवा उलट करून पाहा, जोडीसकट. व्हीपीएन सुरू असेल तर बंद करून पाहा, कारण अनोळखी ठिकाणाहून आलेलं लॉगिन काही सेवा रोखतात. अँटिव्हायरसची मेल तपासणीही जोडणीच्या मधोमध बसते. एका चाचणीपुरती ती तपासणी बंद करा, सगळा अँटिव्हायरस नको.

सर्टिफिकेटचं (सर्व्हरच्या ओळखपत्राचं) नाव जुळत नाही अशी सूचना आली तर 'तरीही पुढे जा' करू नका. स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर होस्टिंग कंपनीने दिलेलं सर्व्हरचं खरं नाव टाका. त्याआधी कॉम्प्युटरची तारीख बघा. ती चुकलेली असेल तर चांगलं सर्टिफिकेटही मुदत संपलेलं दिसतं.

चार-पाच वेळा चुकलात की थांबा. बरेच सर्व्हर ठरावीक चुकांनंतर तुमचा आयपी पत्ता काही काळ बंद ठेवतात. फेलटूबॅन या प्रचलित साधनाचं मूळ सेटिंग १० मिनिटांत ५ चुका झाल्या की १० मिनिटं बंदी असं आहे. त्या वेळात बरोबर पासवर्डही चालत नाही, आणि आपण बरोबर सेटिंग चूक समजून पुन्हा बिघडवतो. खिशातला फोन जुन्या पासवर्डने स्वतःच प्रयत्न करत असेल तर बंदी उठून पुन्हा लागते. आधी त्याचं ते खातं बंद करा.

तरीही सुटलं नाही तर ॲडमिनला चार गोष्टी पाठवा: एररचा पूर्ण मजकूर, प्रयत्नाची वेळ मिनिटासकट, सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, आणि युजरनेम. त्यावरून त्यांना स्वतःच्या लॉगमध्ये तुमचा प्रयत्न सापडतो. पासवर्ड कुणालाच कळवायचा नाही. प्रोग्रामचा लॉग जोडणार असाल तर त्यातली 'ऑथ'ने सुरू होणारी ओळ आणि तिच्याखालच्या एक-दोन ओळी काढून टाका. तिथे दिसणारी विचित्र अक्षरं म्हणजे बेस६४ मध्ये लिहिलेला तुमचा पासवर्ड असू शकतो, आणि तो कुणालाही क्षणात उलगडता येतो. थंडरबर्ड ती ओळ लॉगमध्ये लपवतो; सगळे प्रोग्राम लपवत नाहीत.