कुत्र्यांच्या फिटनेसमध्ये यायचंय? आधी एक पाट आणा

मी मूळची माणसांची फिजिओ. पुण्यात सहा वर्षं लोकांचे गुडघे आणि कंबरा बघितल्या, आता चार वर्षं जास्त करून कुत्रे. दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, ताई मलाही कुत्र्यांना व्यायाम शिकवायचं हे काम करायचंय, सुरुवातीला कुत्र्याला वर उभं करायचा कुठला फुगवायचा बॉल घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते.

बॉल घेऊ नका, निदान पहिले तीन महिने तरी. मी घेतला होता, तो शेंगेसारखा मोठा पीनट बॉल, दोन डिस्क म्हणजे हवा भरायच्या चपट्या गाद्या, एक वॉबल बोर्ड म्हणजे डुगडुगणारी फळी, सगळं मिळून वीस हजारांच्या वर गेलं आणि पहिलं गिऱ्हाईक आमचीच बुंदी. बुंदी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, रस्त्यावरून आणलेली, लिफ्टला घाबरते, कुकरच्या शिट्टीला घाबरते, प्लास्टिकची पिशवी उडाली तरी पलंगाखाली. म्हटलं हिला कॉन्फिडन्स येईल. नाकासमोर चिकन धरून डिस्कवर चढवायला गेले, पुढचे दोन पाय वर आले, खाली गुळगुळीत टाइल्स, डिस्क सरकली आणि बुंदी हनुवटीवर आपटली. लागलं काही नाही, पण पुढचा महिनाभर ती निळी डिस्क हॉलमध्ये दिसली की बाईसाहेब हॉलमध्येच यायच्या नाहीत आणि माझ्या हातातल्या चिकनकडे पण संशयाने बघायच्या.

माझी चूक फिजिओवाली होती. पेशंटला वॉबल बोर्डवर उभं करताना आपण म्हणतो घाबरू नका, मी धरलंय, आणि तो सावरतो. कुत्र्याला धरलं की तो जास्त घाबरतो, कारण त्याचा पळायचा रस्ता बंद होतो. मी शिकायला गेले होते तिथेही हार्नेस धरून कुत्र्याला बॉलवर ठेवायचे, तो बिचारा दगडासारखा गप्प उभा राहायचा आणि सगळे म्हणायचे बघा किती शांत झाला. शांत कसला, थिजलेला असतो तो! तोंड मिटलेलं, सारखी जीभ नाकावरून फिरते, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतं, झोप आलेली नसताना जांभया. हे ओळखता येणं हेच या कामातलं मुख्य शिक्षण, बाकी व्यायाम कुणीही दाखवेल.

तर पाट. आपला जेवायला बसायचा लाकडी पाट, खाली योगा मॅट म्हणजे सरकत नाही, वर पण मॅटचा तुकडा चिकटवा. बुंदीने पाटाकडे बघितलं तरी खाऊ, पंजा लागला तरी खाऊ, पण खाऊ पाटावर ठेवायचा नाही, लांब जमिनीवर टाकायचा. म्हणजे ती दर वेळी उतरून जाते आणि परत यायचं की नाही हे तीच ठरवते. चौथ्या दिवशी स्वतःहून दोन पाय पाटावर ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली, मी नुसती बसले होते.

मग खरी गंमत. पुढचे पाय पाटावर ठेवून मागच्या पायांनी गोल फिरायचं. कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, मागचे पाय आपले मागून येतात, ते नेमके कुठे पडतायत याकडे त्याचं फारसं लक्षच नसतं. बुंदीला अर्धा गोल जमायला दोन आठवडे लागले. त्यानंतर पाटाऐवजी घडी घातलेली गादी, मग कमी हवेची डिस्क, अगदी चपटी, आणि हवा हळूहळू वाढवायची.

वेळ पाच मिनिटं, फार तर सात. पाय थरथरायला लागले, वजन एकाच बाजूला जायला लागलं की थांबायचं, अजून एकदा अजून एकदा करत बसायचं नाही. मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरका, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच गार होतो.

दुसरं स्वस्त साधन म्हणजे कॅव्हलेटी, म्हणजे ओलांडत चालायला ओळीने मांडलेल्या बुटक्या आडव्या दांड्या, घोड्यांच्या ट्रेनिंगमधून आलेलं, इटालियनमध्ये अर्थ छोटे घोडे. पीव्हीसी पाइप आणि विटा, झालं. पाइप घोट्यापेक्षा उंच नको, दोन पाइपांमधलं अंतर साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं, आणि दुडक्या चालीने जाऊ द्यायचं, उड्या नकोत. पिल्लांना तर अजिबात उड्या नकोत, मोठ्या जातींची हाडं वाढायची थांबायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

आता धंद्याचं. एकांचा सात वर्षांचा लॅब्रॉडॉर आला, 41 किलो, म्हणाले बॉलवर वजन उतरवा. बसताना एक पाय बाजूला काढून बसायचा, उठताना पुढच्या पायांनी स्वतःला ओढायचा. मी आधी एक्स-रे काढायला पाठवलं, ते चिडले, म्हणे तो कधी ओरडत नाही. कुत्रे दुखलं तरी ओरडतातच असं नाही. निघालं ते खुब्याचंच दुखणं. तेव्हापासून व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, चिठ्ठी असल्याशिवाय मी कुत्रा घेत नाही, त्यात गिऱ्हाइकं जातात, जाऊ देत. निरोगी कुत्र्याचा फिटनेस वेगळा आणि ऑपरेशननंतरचं रिहॅब, म्हणजे कुत्र्याला परत नीट चालता करायचे उपचार, वेगळं, दुसरं व्हेटच्या देखरेखीशिवाय करू नका. रिहॅबच करायचं असेल तर अमेरिकेत टेनेसी युनिव्हर्सिटीचा सीसीआरपी नावाचा कुत्र्यांच्या रिहॅबचा कोर्स आहे, पण त्याला आधी व्हेट किंवा फिजिओसारखी पात्रता लागते, शिवाय खर्चिक. कोर्सच्या आधी ओळखीच्या दहा कुत्र्यांचे चालतानाचे व्हिडिओ काढा, बाजूने आणि मागून, आणि स्लो करून बघत बसा. माझा डोळा त्यानेच तयार झाला.

आणि कॉन्फिडन्स आला की सगळी भीती जाते असं मालकांना सांगू नका, ते लिहून ठेवतात आणि नंतर ऐकवतात. बुंदी आता फुगवलेल्या डिस्कवर चारही पाय ठेवून उभी राहते, कुकरची शिट्टी झाली तर नुसते कान हलवते. लिफ्टमध्ये मात्र अजून येत नाही, आम्ही दोघी रोज चार मजले जिन्याने चढतो.