अपग्रेडनंतर यूएसबी कन्सोल उघडत नसेल तर

कालपर्यंत राउटरचा कन्सोल (यूएसबी केबल लावून संगणकावरून राउटरला थेट आज्ञा देण्याची खिडकी) नीट चालत होता आणि संगणकाच्या अपग्रेडनंतर बंद पडला, की पहिला हात ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरकडे जातो. तो आवरा. आधी अडलंय कुठे ते बघा: केबल ओळखलीच जात नाही, पोर्ट तयार होत नाही, पोर्ट उघडत नाही, की उघडूनही स्क्रीन कोरी राहते?

लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज -डब्ल्यू' (sudo dmesg -w, कर्नलचे संदेश येतील तसे दाखवणारी आज्ञा) चालू ठेवा आणि केबल काढून परत लावा. एकही नवी ओळ आली नाही, तर आधी केबल, हब आणि सॉकेट बदलून बघा. फक्त चार्जिंगची केबल लावली असेल तरीही हेच होतं.

'टीटीवाययूएसबी०' (ttyUSB0, लिनक्सने केबलच्या पोर्टला दिलेलं नाव) जोडल्याची ओळ आली आणि पाठोपाठ डिस्कनेक्ट झाल्याची, तर मधल्या ओळीत 'बीआरएलटीटीवाय' (brltty) हे नाव शोधा. उबुंटू २२.०४ वर गेल्यावर सीएच३४० (यूएसबीचं सिरियल पोर्टमध्ये रूपांतर करणारी चिप) असलेल्या केबलींना हा त्रास हमखास होतो. बीआरएलटीटीवाय ही ब्रेल डिस्प्लेची, म्हणजे अंध व्यक्तींना स्क्रीनवरचा मजकूर स्पर्शाने वाचून देणाऱ्या यंत्राची, सेवा आहे. एका ब्रेल यंत्राचा यूएसबी आयडी १ए८६:७५२३ आहे आणि सीएच३४० चाही तोच. त्यामुळे ही सेवा तुमची केबल ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेते. त्या संगणकावर कोणीही ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल, तरच 'सुडो एपीटी रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' (sudo apt remove brltty) चालवा. वापरत असेल, तर बीआरएलटीटीवायची यूडेव्ह नियमांची फाइल (यूडेव्ह म्हणजे यंत्र जोडल्यावर काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची यंत्रणा) 'ईटीसी'खालच्या यूडेव्ह फोल्डरमध्ये कॉपी करून तिथे त्या आयडीची ओळ बंद करा. मूळ फाइल बदललीत तर पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जाईल.

आर्च लिनक्सवर कर्नल अपडेट करून रीबूट केलं नसेल, तर चालू कर्नलची मॉड्यूल्स (ज्यांत केबलचा ड्रायव्हरही असतो) डिस्कवर उरतच नाहीत. अशा वेळी रीबूट हाच उपाय.

'परमिशन डिनाइड' आलं, तर युजर 'डायलआउट' (dialout) या, सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात नाही. आर्चवर हा गट 'यूयूसीपी' (uucp). 'यूजरमॉड -एजी' (usermod -aG) वापरून युजरला त्यात घाला. यातला 'ए' विसरलात तर युजर बाकीच्या गटांतून, सुडोच्या गटातूनसुद्धा, बाहेर पडतो. नंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा.

विंडोज ११ वर जुन्या प्रोलिफिक पीएल२३०३ चिपसाठी डिव्हाइस मॅनेजर 'फेज्ड आउट सिन्स २०१२' असं दाखवतो. केबल बिघडलेली नाही, नव्या ड्रायव्हरनेच तिला नाकारलंय. जुना ड्रायव्हर यादीतून निवडता येतो, पण विंडोज अपडेट तो पुन्हा बदलू शकतं. रोजच्या कामाला एफटीडीआय चिपची केबल घेतलेली बरी. पोर्टचा नंबरही तपासा: पुटीमध्ये (कन्सोल उघडायच्या प्रोग्राममध्ये) कॉम३ सेव्ह केलेला असतो आणि केबल आता कॉम५ वर असते.

मॅकवर 'टीटीवाय'ऐवजी 'सीयू'ने सुरू होणारा पोर्ट उघडा. 'टीटीवाय'वाला पोर्ट कॅरिअर सिग्नलची, म्हणजे पलीकडून जोडणी झाल्याच्या खुणेची, वाट बघत अडकून राहू शकतो.

पोर्ट उघडतो पण स्क्रीन कोरी, तर एंटर दाबा. कचरा अक्षरं आली तर पोर्टचा वेग (बॉड रेट) चुकलाय: सिस्को बहुधा ९६००, लिनक्स बोर्ड बहुधा ११५२००. मजकूर दिसतो पण टाइप होत नाही, तर मिनिकॉममधला (लिनक्सवरच्या कन्सोल प्रोग्राममधला) हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे समोरच्याने इशारा दिल्यावरच डेटा पाठवायची सोय, बंद करा. नव्याने इन्स्टॉल केलेल्या मिनिकॉममध्ये तो चालू असू शकतो.

तरीही शंका उरली, तर केबल राउटरपासून सोडवा आणि डीबी९ च्या (केबलच्या नऊ पिनांच्या कनेक्टरच्या) पिन २ आणि ३ एका तारेने जोडा. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर परत आलं, तर संगणक, ड्रायव्हर आणि केबल तिन्ही ठीक आहेत. दोष पलीकडच्या यंत्रात किंवा वेगाच्या सेटिंगमध्ये आहे.