ऐतिहासिक चित्रपट पाहताना आधी ‘का’ तपासा

ऐतिहासिक चित्रपट संपला की बहुतेक जण कपडे, तलवारी, दागिने यांतल्या चुका काढायला बसतात. मी ते शेवटी ठेवते. इतिहासाचं पुस्तक उघडण्याआधी वहीत एकच वाक्य लिहा: चित्रपटाच्या मते हे सगळं कशामुळे घडलं? मग ते वाक्य घेऊन पुस्तकाकडे जा.

‘मुघल-ए-आझम’चं वाक्य होईल, ‘सलीमने प्रेमापायी बापाविरुद्ध बंड केलं.’ बंड खरं आहे. १६०० च्या सुमारास सलीमने अलाहाबादला स्वतःचा वेगळा दरबार थाटला, पण झगडा गादीसाठी होता. अनारकली अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजलच्या ‘अकबरनामा’त नाही, जहांगीरच्या, म्हणजे पुढे बादशहा झालेल्या सलीमच्या, आत्मचरित्रातही नाही. १६०२ मध्ये अबुल फजलला आपणच मारवलं, हे ज्या आत्मचरित्रात जहांगीर स्वतः कबूल करतो, त्यातही तिचं नाव येत नाही, हे मला फार बोलकं वाटतं. घटना तीच ठेवून कारण बदलणं हा सर्वांत मोठा बदल, कारण प्रेक्षक तेच कारण घरी घेऊन जातो.

कधी कधी कारणच गायब होतं. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसवरच्या ‘ब्रेव्हहार्ट’मधली स्टर्लिंगची लढाई उघड्या मैदानावर होते. ११ सप्टेंबर १२९७ ला प्रत्यक्षात तिथे एक अरुंद लाकडी पूल होता. दोन घोडेस्वार जेमतेम शेजारी शेजारी जातील एवढाच. इंग्रजांचं थोडं सैन्य अलीकडे आलं, बाकीचं पलीकडे अडकलं, आणि नेमक्या त्याच वेळी स्कॉटिश फौज तुटून पडली. पूल काढला की डावपेच जातात आणि उरतो फक्त नायकाचा आवेश. वॉलेसच्या बरोबरीने नेतृत्व करणारा अँड्र्यू मरेही चित्रपटातून नाहीसा झाला आहे. म्हणून लढाईचं दृश्य आलं की नदी, पूल, चढ, चिखल यांची चौकशी जरूर करा.

मग माणसं मोजा. ‘द इमिटेशन गेम’ पाहून एनिग्मा हे जर्मनांचं सांकेतिक यंत्र भेदणं म्हणजे एकट्या ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचं काम वाटतं. पोलंडच्या मारियान रेयेव्स्कीने ते १९३२ मध्येच भेदलं होतं आणि पोलिश गणितज्ञांनी जुलै १९३९ मध्ये आपलं काम ब्रिटिश व फ्रेंचांच्या हाती दिलं. अनेकांचं श्रेय एकाच्या नावावर जातं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

तारखा चटकन तपासता येतात. वॉलेसला १३०५ मध्ये मृत्युदंड झाला तेव्हा राजकन्या इझाबेला दहाएक वर्षांची होती आणि फ्रान्समध्ये होती. ‘ब्रेव्हहार्ट’मधलं त्या दोघांचं प्रेम तिथेच निकालात निघतं. शेवटी घडणारा पाठलागही असाच पडताळा. ‘आर्गो’त विमानामागे गाड्या धावतात, पण जानेवारी १९८० मध्ये तेहरानहून ते लपून राहिलेले सहा अमेरिकी राजनैतिक कर्मचारी प्रत्यक्षात अशा पाठलागाविना निघाले होते.

वेळ उरला तर कपड्यांकडे वळा. स्कॉटिश सैनिकांच्या अंगावरचा तो चौकड्यांचा किल्ट वॉलेसच्या जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचा आहे.